ढकलायचं की स्वतः चालणारं? नागपूरच्या मातीवरचं लॉनमोअर

लॉनमोअर घ्यायला गेलं की बोलणं जागेपासून सुरू होतं. "तीन हजार फूट आहे, कोणतं चालेल?" नागपुरात त्याआधी माती विचारायला हवी. मुरमाच्या भरावावर पंचवीस किलोचं मशीन एका हातानेही सरकतं. तेच मशीन जुलैमध्ये काळ्या मातीवर ढकललं तर चाकाला मातीचा थर चढतो, चाक फिरायचं थांबतं आणि नुसतं घसरत जातं. चाकांना इंजिनची ताकद देणारं, म्हणजे सेल्फ-प्रोपेल्ड किंवा ड्राइव्हचं मशीन जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच्या दिवसांसाठी घ्यायचं असतं. उरलेल्या महिन्यांत ढकलायचं मशीनही बहुतेक ठिकाणी निभावून नेतं. वर्षभराच्या सोयीसाठी म्हणून ड्राइव्हचे जास्त पैसे मोजले तर ते वसूल होत नाहीत.

चालण्याचा हिशोब एकदा कागदावर करून पाहा. अठरा इंची पातं घेतलं आणि दर फेरीत आधीच्या पट्ट्यावर तीन इंच चढवलं, तर प्रत्यक्षात सव्वा फूट कापलं जातं. ५००० चौरस फुटांसाठी ४००० फूट, म्हणजे सव्वा किलोमीटर चालणं झालं. पावसाळ्यात हरळीचं किंवा सिलेक्शन वन या जातीच्या गवताचं लॉन दर पाच-सहा दिवसांनी कापावं लागतं. उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त एका वेळी काढलं की खालचा पिवळा भाग उघडा पडतो, त्यामुळे कापणी पुढे ढकलता येत नाही. आठवड्याला सव्वा किलोमीटर ओल्या मातीवर ढकलणं हे माळ्याच्या कमरेचं काम आहे, आणि मोअर निवडताना त्या कमरेचा विचार व्हायलाच हवा.

आमचा ठोकताळा असा: सपाट अडीच-तीन हजार फुटांपर्यंत ढकलायचं मशीन घ्या. पाच हजारांच्या पुढे किंवा जागेला उतार असेल तर ड्राइव्हचं. मधल्या जागेत माती ठरवेल. पण जागेचा आकारही बघा. बंगल्याभोवती वाफे, संत्र्याची दोन-चार झाडं, तुळशीवृंदावन आणि मध्ये दहा-दहा फुटांचे तुकडे असतील, तर ड्राइव्ह फुकट जातो. सरळ फेरी किमान पंचवीस-तीस फुटांची मिळाली तरच हँडलवरचा ड्राइव्हचा लिव्हर दाबण्यात अर्थ आहे. शिवाय ड्राइव्हचं मशीन ३० ते ३८ किलोचं असतं आणि लिव्हर सोडून ढकललं तर गिअरचा ओढा लागून ढकलायच्या मशीनपेक्षा जड जातं. गच्चीवरच्या लॉनसाठी ते जिन्याने वर नेणं हे दोन माणसांचं काम आहे.

पुढची चाकं की मागची

दुकानात हा फरक क्वचितच कुणी समजावून सांगतं, आणि काळ्या मातीत सगळा खेळ इथेच आहे. पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेलं मशीन वळवायला सोपं. हँडल खाली दाबलं की पुढची चाकं जमिनीवरून उचलली जातात, ओढ थांबते, लिव्हर न सोडता जागच्या जागी वळता येतं. सपाट, कोरड्या, झाडं जास्त असलेल्या बागेत ते झकास चालतं. पण गवताची पिशवी मागे असते. साठ लिटरची पिशवी ओल्या गवताने भरली की पंधरा किलोच्या पुढे जाते, सगळं वजन मागे येतं आणि पुढची चाकं हलकी पडून जागेवर फिरायला लागतात. ओल्या काळ्या मातीत असं फिरणारं चाक दोन सेकंदांत चर पाडतं. हा चर ऑक्टोबरमध्ये विटेसारखा कडक होतो. मग पुढचं वर्षभर तिथे एक चाक खाली उतरतं, पातं एका बाजूला झुकतं आणि गवत मुळापर्यंत सोललं जातं.

मागच्या चाकांच्या ड्राइव्हमध्ये भरलेली पिशवी आणि हँडलवरचा हाताचा भार, दोन्ही ओढणाऱ्या चाकांवरच पडतात. उतारावर चढतानाही वजन मागेच जातं. काळ्या मातीसाठी आणि उतारासाठी हेच घ्यावं. मागची चाकं मोठी, दहा-अकरा इंची मिळाली तर उन्हाळ्यातल्या भेगांमध्येही अडकत नाहीत. चारही चाकांना ड्राइव्ह असलेली मशीनही मिळतात, पण घरगुती लॉनला त्यांचं वजन आणि किंमत झेपत नाही.

मागच्या ड्राइव्हची एक खोड आधीच माहीत असू द्या. लिव्हर सोडून लगेच मशीन मागे ओढलं तर चाकं आवळल्यासारखी होतात, कारण आतला रॅचेट, म्हणजे एकाच दिशेने अडणारा दातेरी अडसर, अजून सुटलेला नसतो. दोन-तीन इंच पुढे ढकलायचं, मगच मागे ओढायचं. हे ठाऊक नसलेला माळी झटके देऊन ओढत राहतो आणि पहिल्याच हंगामात चाकाचे दात जातात. मशीन बिघडलं म्हणून दुकानात परत आणलेल्या तक्रारींत ही एक नेहमीची.

वेग एकच की कमी-जास्त होणारा

एकाच वेगाची मशीन ताशी साधारण साडेतीन-चार किलोमीटरने चालतात. कोरड्या गवतात ही चाल ठीक आहे. दाट ओल्या हरळीत पात्याला वेळ लागतो, मशीन मात्र पुढे पळतं, इंजिन दबतं आणि मागे न कापलेल्या शेंड्या उभ्या राहतात. मग माळी लिव्हर अर्धा दाबून वेग सांभाळतो. साध्या बेल्टच्या ड्राइव्हमध्ये अर्धा दाबलेला लिव्हर म्हणजे घसरणारा बेल्ट. तो तापतो, कडेने चकचकीत होतो आणि मग पूर्ण दाबला तरी पकड घेत नाही. पावसाळ्यासाठी घेत असाल तर वेग बदलता येणारंच घ्या. पैसे वाचवायचे असतील तर पिशवीच्या आकारात किंवा इलेक्ट्रिक स्टार्टमध्ये वाचवा.

काय बिघडतं

ढकलायच्या मशीनमध्ये बिघडायला इंजिन आणि पातं, एवढंच. ड्राइव्हच्या मशीनमध्ये त्यावर केबल, बेल्ट, गिअरबॉक्स आणि चाकातले गिअर वाढतात.

सगळ्यात आधी सैल होते ती केबल. लिव्हर पूर्ण दाबूनही चाल मंद वाटली तर बेल्टवर खर्च करण्याआधी हँडलजवळचा अ‍ॅडजस्टर एक-दोन आटे फिरवून पाहा. लिव्हर सोडल्यावर मशीन स्वतःहून सरकत असेल तर जास्त ताण दिला गेला, थोडा परत सोडा.

एकच चाक ओढतं आणि मशीन कडेला जातं, ही दुसरी तक्रार. चाक काढा. ड्राइव्हच्या दांड्यावर एक छोटा गिअर, म्हणजे पिनियन असतो, त्याच्या आत सरकणारी एक खिटी. तिच्यात चिखल वाळून बसला की ती बाहेर येत नाही आणि पिनियन नुसता फिरतो. क्लिप काढून पिनियन उतरवा, रॉकेलने धुवा, अगदी पातळ ग्रीस लावून बसवा. डावा पिनियन उजवीकडे बसवू नका. उलटा बसला तर चाक ओढतच नाही. त्याच वेळी चाकाच्या आतले दात बोटाने तपासा. बऱ्याच मशीनमध्ये ते प्लॅस्टिकचे असतात, आणि माती-वाळू मिसळलेलं ग्रीस त्यांना कानशीसारखं घासतं. म्हणूनच ग्रीस जास्त थापू नये.

बेल्ट तुटला तर मापाने जुळणारा साधा व्ही-बेल्ट आणून बसवायचा मोह होतो. मोअरचा बेल्ट सतत पकडणं-सोडणं सोसेल अशा कापडी वेष्टनाचा असतो. साधा बेल्ट पकड सोडत नाही किंवा लवकर जळतो.

दगडाला पातं आदळल्यावर इंजिन दोरी उलटी झटकतं आणि सुरू होत नाही, ही मात्र दोन्ही प्रकारांत येते. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनवरचं जड चाक, दांड्यावर नेमक्या जागी धरणारी छोटी मऊ चावी (धातूची खिटी) कापली गेलेली असते. क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, वाचावा म्हणून ती मुद्दाम मऊ केलेली असते, तेव्हा तिथे कडक लोखंडी तुकडा ठोकू नका. चावी बदलूनही मशीन थरथरत असेल तर आधी पातं बदलून पाहा. तरीही थरथर राहिली तर क्रँक वाकला समजा.

काळी माती आणि ओलं गवत खालच्या डेकला, म्हणजे पात्यावरच्या कवचाला आतून चिकटून एका रात्रीत प्लास्टरसारखं होतं. काम संपल्यावर स्पार्क प्लगची टोपी काढून, त्याच संध्याकाळी लाकडी पट्टीने खरवडा. मशीन आडवं करताना एअर फिल्टर वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं आणि पुढच्या वेळी पांढरा धूर निघतो. वरून पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, पाणी बेल्टवर आणि बेअरिंगमध्ये जातं.

ऑइल आणि पेट्रोल

बहुतेक १६० सीसी इंजिनांत अर्धा ते पाऊण लिटर ऑइल लागतं. नव्या मशीनचं पहिलं ऑइल ५ तासांनी बदला, पुढे दर ५० तासांनी. नागपूरच्या उन्हाळ्यात १०डब्ल्यू-३० ऐवजी एसएई ३० ग्रेडचं ऑइल बरं, ऑइल कमी जळतं. एअर फिल्टर पुस्तिकेत २५ तासांनी साफ करायला सांगितलेला असला तरी मार्च ते जून धुळीमुळे १० तासांनीच उघडा.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, तर मोअरच्या बऱ्याच इंजिनांची पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. महिनाभर उभ्या राहिलेल्या मशीनच्या कार्बोरेटरच्या वाटीत पांढरा थर दिसतो, जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, तुंबतो आणि इंजिन एकसारखं वर-खाली होत राहतं. काम संपताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. हे एक मिनिट रोज दिलं तर कार्बोरेटर उघडायची पाळी क्वचित येते.

वीज आणि बॅटरी

वायरचं इलेक्ट्रिक मशीन हजार-दीड हजार फुटांच्या, कोरड्या, सपाट बागेत उत्तम. वायर किमान दीड चौरस मिलिमीटरची हवी, गुंडाळलेली वायर पूर्ण सोडून वापरा आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचशिवाय) लावूच नका. ओल्या गवतात ते चालवूच नये, आणि नागपुरात गवत वाढतं ते ओलं असतानाच.

बॅटरीचं मशीन शांत आणि हलकं. पण ओलं दाट गवत चार्ज लवकर संपवतं, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली तापलेली बॅटरी चार्जरवर लावली तर चार्जर ती घेत नाही. बहुतेक चार्जर ४०-४५ अंशांच्या वर थांबतात. बॅटरी घरात ठेवणार असाल तरच विचार करा.

लग्नाची लॉन

वर्धा रोड, काटोल रोड किंवा उमरेड रोडवर समारंभाचं लॉन सांभाळणाऱ्यांना २१ इंची, मागच्या ड्राइव्हचं, लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियम डेकचं मशीन लागतं. तिथला खरा शत्रू म्हणजे मंडपवाल्यांची बाइंडिंगची तार आणि खिळे. तार पात्याच्या दांड्याला गुंडाळली जाते आणि आतल्या सीलमध्ये शिरते, मग ऑइल गळायला लागतं. मोठं चुंबक दोरीने बांधून आधी मैदानावर ओढा, त्यानंतरच मशीन सुरू करा. कडा आणि कोपऱ्यांसाठी ब्रशकटर वेगळा लागतोच, कोणतंही मोअर घेतलं तरी.

घेताना

शोरूमच्या फरशीवर कोणतंही मशीन पळतं. चाचणी आपल्या जमिनीवर मागा, शक्यतो पाऊस पडून एक दिवस झाल्यावर. पिशवी अर्धी ओल्या गवताने भरा, सगळ्यात खराब कोपऱ्यात उभं राहून लिव्हर दाबा आणि चाकाकडे बघा. ते जागेवर फिरतं की मशीनला पुढे नेतं? मग लिव्हर सोडा, दोन इंच पुढे, आणि मागे ओढा. सहज यायला हवं. इंजिनचा लिव्हर सोडल्यावर पातं किती वेळात थांबतं तेही मोजा, अमेरिकेच्या नियमात ही मर्यादा ३ सेकंदांची आहे.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला ड्राइव्ह केबल, बेल्ट आणि मागचं एक चाक, असे तीन सुटे भाग काउंटरवर काढून ठेवायला सांगा. "मागवून देऊ" असं उत्तर आलं तर ते मशीन जुलैमध्ये दोन आठवडे उभं राहील, आणि तोवर गवत गुडघ्याला येईल. मग त्याच दुकानातलं ढकलायचं मशीन घ्या.