हरिहरेश्वरची खोली आणि गेलेले तीस हजार

फेब्रुवारीत आम्ही घरचे नऊ जण महाबळेश्वरहून हरिहरेश्वरला गेलो. त्या सहलीची खोली ठरवताना माझे ३०,००१ रुपये गेले. उन्हाळ्याच्या सुट्ट्या तोंडावर आल्यात, तुमच्यापैकी कित्येक जण आत्ता कोकणातल्या खोल्या शोधत असतील. म्हणून सगळं आहे तसं लिहिते आहे.

सहल माझ्या सासऱ्यांसाठी होती. अण्णा ७८ वर्षांचे आहेत, जन्म सांगलीतला, सगळं आयुष्य कृष्णेच्या काठी गेलेलं. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगा मंदिरात दगडी गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाचही नद्यांचा उगम तिथे मानतात. तिथून निघालेली कृष्णा पूर्वेला जवळपास १,४०० किलोमीटर जाते. सावित्री मात्र पश्चिमेकडे उतरते आणि पोलादपूर, महाड करत जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरांत हरिहरेश्वर आणि बाणकोटच्या मधून समुद्राला मिळते. अण्णा कित्येक वर्षं म्हणायचे, "एक बहीण आपल्याकडं आली, दुसरी तिकडं गेली. ती कुठं गेली ते एकदा बघायचंय." म्हणून ठरवलं, की गोमुखापासून आंबेनळी घाटाने खाली उतरायचं आणि सावित्रीच्या सोबतीने समुद्रापर्यंत जायचं.

महाबळेश्वरची सोय झाली. हरिहरेश्वरला आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने एक घरगुती निवास सुचवला होता. मी मोबाइलवर नकाशात नाव टाकलं. जागा बरोबर, मैत्रिणीने दाखवलेलेच फोटो, चिऱ्याच्या पायऱ्या, मागे पोफळीची वाडी, खाली लोकांचे चांगले अभिप्राय. तिथे दिलेल्या नंबरवर फोन लावला. तो एक नंबर सोडून त्या पानावरचं बाकी सगळं खरं होतं. अशा नोंदींमध्ये कोणीही "दुरुस्ती" सुचवू शकतं आणि तशी दुरुस्ती करून कोणीतरी मालकाच्या जागी स्वतःचा नंबर घुसवला होता. हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

पलीकडचा माणूस स्वच्छ मराठी बोलत होता. हे मुद्दाम सांगते, कारण फसवणारा हिंदीत बोलतो, बँकेचं नाव घेतो, धमकावतो, असं चित्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. हा म्हणाला, "ताई, म्हातारी माणसं आहेत ना, मग खालच्या तीन खोल्या ठेवतो. एक दिवस उकडीचे मोदक करू का?" दोन रात्रींचे १५,००० ठरले, निम्मे आगाऊ. मी सहज विचारलं, "प्रदक्षिणेला कधी जावं?" तो म्हणाला, "कधीही जा ताई, चोवीस तास चालू असते."

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा डोंगराच्या कडेने खाली समुद्रालगतच्या खडकांवरून जाते. ती ओहोटीलाच करता येते. भरतीच्या लाटांनी तिथून माणसं ओढून नेलेली आहेत. त्या गावात राहणारं लहान पोरही "कधीही जा" असं म्हणणार नाही. मला ते तेव्हा कळलं नाही.

मी ७,५०० पाठवायला घेतले. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर नाव आलं ते वेगळंच होतं, गावाशी आणि घराशी संबंध नसलेलं. विचारलं तर म्हणाला, "मेहुण्याचं खातं आहे, आमच्याकडे रेंज नसते." मी पिन टाकला.

दहा मिनिटांत त्याचा फोन. "ताई, पावती निघत नाहीये. सिस्टीमला पूर्ण रक्कम दिसायला हवी. उरलेले ७,५०० टाका, पावती निघाली की लगेच तुम्हाला परत." मी टाकले. मग म्हणाला, एक रुपया कमी पडला, ७,५०१ हवे होते, म्हणून दोन्ही रकमा अडकल्या. आता १५,००१ एकरकमी टाकले की सगळे मिळून ३०,००१ आपोआप परत येतील. या सगळ्यात तो फोन ठेवू देत नव्हता. "लाइनवर राहा ताई, मी समोरच बघतोय." स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, मुलगा काहीतरी विचारत होता, आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं, की घरात कोणाला कळायच्या आत हे पैसे परत आले पाहिजेत. मी १५,००१ टाकले. त्याने लगेच आणखी ३०,००० मागितले तेव्हा हातपाय गार पडले. मी "नाही" म्हटलं, तसा फोन कट झाला आणि नंबर बंद.

रात्रीचे नऊ वाजले होते. मी कोणालाच सांगितलं नाही. नवरा काय म्हणेल, अण्णांना वाटेल माझ्यापायी हिचे पैसे गेले, ऑफिसात लोक काय बोलतील, हेच डोक्यात घोळवत रात्रभर जागी राहिले. सकाळी साडेअकराला मैत्रिणीपाशी रडले, तेव्हा तिने समोर बसून १९३० ला फोन लावायला लावला. सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी नंबर आहे. तक्रार घेतली की ते पैशांचा माग काढून पुढच्या बँकेला रक्कम रोखायला कळवतात. पण साडेचौदा तासांत माझे पैसे खात्याखात्यांतून पुढे निघून गेले होते. शेवटच्या रकमेतले ६,३०० तेवढे एका खात्यात गोठवले गेले आणि तेही अजून मिळायचे आहेत. ती रात्र मी लाजेत घालवली नसती तर कदाचित जास्त रक्कम अडवली गेली असती. मला या सगळ्यात सर्वात जास्त हेच लागतं.

म्हणून हात जोडून सांगते, पैसे गेले असं वाटलं की त्याच मिनिटाला १९३० लावा. जेवण, रडणं, घरच्यांची बोलणी, सगळं नंतर. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर आणि स्क्रीनचे फोटो जवळ ठेवा, संभाषण पुसू नका, आपल्या बँकेलाही कळवा. बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो तोच लावा. पैसे परत यायला आपल्याला कधीच पैसे पाठवावे लागत नाहीत आणि पिनही टाकावा लागत नाही. दुसऱ्यांदा मागणी झाली की तिथेच फोन ठेवून द्या. आणि तक्रारीनंतर "तुमचे पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा" असे फोन येतात. मला दोन आले. तेही तसलेच.

खोली ठरवताना नंबर दोन ठिकाणांहून पडताळा. तिथे जाऊन आलेल्या माणसाकडून घेतलेला सर्वात चांगला. व्हिडिओ कॉल करून "जरा अंगण दाखवा" म्हणा. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही.

मैत्रिणीकडे त्या निवासाचा जुना नंबर होता. त्यावर फोन केला तर तिथल्या मालकीण काकूंनी उचलला. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "या महिन्यातल्या तुम्ही चौथ्या." त्यांनी दोनदा नंबर दुरुस्त करून घेतला होता, पुन्हा बदलला गेला. एक कुटुंब तर रात्री अकराला लहान मुलांसकट दारात येऊन भांडलं होतं. काकूंनी त्यांना खोली उघडून दिली, तरी त्यांनी घरी जाऊन एकच तारा दिला.

आम्ही ठरल्याप्रमाणे गेलो. गोमुखाचं पाणी अण्णांनी छोट्या बाटलीत भरून घेतलं. महाडला सावित्रीच्या पुलापाशी गाडी थांबवली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री जुना पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्यांसकट. अण्णा काही न बोलता दोन मिनिटं उभे राहिले. मग आंबेतवरून संध्याकाळी हरिहरेश्वर.

काकू खळ्यात सुपारी सोलत बसल्या होत्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्यांची वाडी आडवी झाली होती. नव्या पोफळी आत्ता कुठे फळाला येतायत, मधली सगळी वर्षं या तीन खोल्यांवर काढली, म्हणाल्या. ज्याने माझे पैसे नेले, त्याने यांचं नावही नेलं होतं.

मी काही विचारायच्या आतच त्यांनी अण्णांकडे बघून सांगितलं, "प्रदक्षिणा उद्या सकाळी करा हो. भरतीची वेळ तिथीवरून काढतात, उद्या षष्ठी. सहा त्रिक अठरा, भागिले चार, म्हणजे साडेचारला भरती. साडेदहाला ओहोटी असेल. दहाला निघा, बाराच्या आत वर या. आणि आजोबांचा हात सोडू नका, खडक निसरडे आहेत."

दुसऱ्या दिवशी दहाला निघालो. खाली पाणी दूर सरलेलं होतं. अण्णांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि मी त्यांचा दुसरा हात घट्ट धरून ठेवला.