ॲचिसनचं अमेलिया इअरहार्ट हँगर म्युझियम: आधी कॉकपिट, मग ‘मुरिएल’

विमानाने जगप्रदक्षिणेला निघालेली अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्ट २ जुलै १९३७ ला बेपत्ता झाली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. नेमकं काय चुकत गेलं हे समजून घ्यायचं असेल, तर कॅन्सस राज्यातलं हे संग्रहालय जरूर पाहा. ॲचिसन या तिच्या जन्मगावी, तिच्याच नावाच्या विमानतळावर ते एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालं. कॅन्सस सिटीहून गाडीने साधारण तासाभराचा रस्ता.

इथलं खरं वैभव म्हणजे ‘मुरिएल’, लॉकहीड इलेक्ट्रा १०-ई प्रकारातलं जगात उरलेलं एकमेव विमान. अमेलियाचं विमान कधीच सापडलं नाही. हे त्याचं भावंड, आणि नाव तिच्या धाकट्या बहिणीचं. पण थेट त्याच्याकडे धावू नका. आधी कॉकपिटच्या पूर्णाकृती प्रतिकृतीत बसा. जागा किती अरुंद होती ते कळलं, की पुढचं सगळं वेगळं दिसतं.

मग मुरिएलच्या दाराशी या. इथे दहा प्रवासी बसत. अमेलियाच्या विमानात त्या जागी इंधनाच्या टाक्या होत्या, आणि दिशादर्शक फ्रेड नूननला पुढेमागे जायचं तर टाक्यांवरून सरपटत जावं लागे. न्यू गिनीतल्या ‘ले’ या गावाहून निघताना सुमारे १,१०० गॅलन, म्हणजे ४,१०० लिटरहून जास्त इंधन भरलं होतं. गाठायचं होतं प्रशांत महासागरातलं हाउलँड बेट: ४,११३ किलोमीटर दूर, स्वतः जेमतेम दोन किलोमीटर लांबीचं आणि समुद्रसपाटीपासून काही मीटरच वर.

विमान दमदार होतं. घात केला तो रेडिओच्या जुळणीने. आवाजी संदेशासाठी तिच्याकडे रात्री ३१०५ आणि दिवसा ६२१० किलोहर्ट्झ या फ्रिक्वेन्सी होत्या. तिला वाट दाखवायला बेटाजवळ थांबलेल्या ‘इटास्का’ या अमेरिकन तटरक्षक जहाजावरचं, रेडिओ संकेत कुठून येतो ते शोधणारं यंत्र मात्र ५५० किलोहर्ट्झच्या वर चालतच नव्हतं. ५०० वर मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीत बोलायचं, तर अमेलिया आणि नूनन दोघांनाही मोर्स नीट येत नव्हतं, आणि त्यासाठी लागणारी लांब लोंबती अँटेना आधीच काढून टाकलेली. शेवटी तिने जहाजाकडून ७५०० वर संकेत मागितला. तो ऐकू आला, पण एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर तिच्या विमानावरच्या दिशा शोधणाऱ्या गोल लूप अँटेनाला दिशा काढता येईना. त्यात जहाजाचं घड्याळ तिच्या ग्रीनिच वेळेशी अर्ध्या तासाने जुळत नव्हतं, त्यामुळे एक बोलायचा तेव्हा दुसरा ऐकतच असेल याची खात्री नसायची. सकाळी जहाजाच्या घड्याळात ८:४३ ला तिचा ‘१५७-३३७ रेषेवर आहोत’ (म्हणजे होकायंत्राच्या १५७ ते ३३७ अंशांच्या रेषेवर) हा संदेश आला. उड्डाणाला तेव्हा वीस तास उलटून गेले होते.

मुरिएलसमोर उभं राहून हा क्रम मनात लावून बघा. अमेलिया बेफिकीर होती, असा सोपा निष्कर्ष काढणाऱ्यांनी तर नक्कीच. एकेक तुटलेला दुवा निभावून गेला असता. सगळे एकाच सकाळी तुटले.

मुलांसाठी हाताळून पाहायची यंत्रं भरपूर आहेत, त्यामुळे दोन-तीन तास हाताशी ठेवा. त्याच दिवशी गावातलं तिचं जन्मघरही पाहा. ते ‘नाइन्टी-नाइन्स’ या महिला वैमानिकांच्या संघटनेकडे आहे. १९२९ मध्ये ९९ सभासदांनिशी सुरू झालेल्या या संघटनेची पहिली अध्यक्ष अमेलियाच, आणि संघटना आजही वैमानिक होऊ पाहणाऱ्या स्त्रियांना शिष्यवृत्त्या देते. दोन्ही ठिकाणांच्या वेळा वेगळ्या असतात; निघण्याआधी बघून घ्या.