अक्रोतिरी द्वीपकल्पावरील पाच महिने: मुक्कामानंतरचा अनुभव

पत्नीच्या संशोधनानिमित्त आम्ही फेब्रुवारी ते जून ग्रीसच्या क्रीट बेटावर, हानिया शहराला लागून असलेल्या अक्रोतिरी द्वीपकल्पावर कुनुपिदियाना गावात भाड्याने राहिलो. हानियाचा विमानतळ याच द्वीपकल्पावर आहे. तरीही येथे उतरणारे बहुतेक प्रवासी थेट शहराच्या जुन्या बंदराकडे निघून जातात, याची मला आता मनापासून हळहळ वाटते.

या मुक्कामात सर्वांत जास्त वेळा, म्हणजे सात वेळा, मी गुव्हेर्नेतो मठापासून काथोलिकोपर्यंतची पायवाट चाललो. मठ सोडून थोडे उतरले की अस्वलाची गुहा लागते. आत पाण्याच्या टाक्यावर वाकलेला, अस्वलासारखा दिसणारा एक लवणस्तंभ आहे. पाणी पिऊन टाकणाऱ्या अस्वलाला मेरीमातेने दगड केले, अशी कथा तेथे सांगतात. प्राचीन काळी याच गुहेत आर्तेमिस देवीची पूजा होत असे. पुढे पायऱ्या उतरल्यावर खोल घळीवरचा भक्कम दगडी पूल आणि कड्याला बिलगलेला काथोलिकोचा ओस मठ एकदम समोर येतो. चाच्यांच्या त्रासामुळे भिक्षूंनी तो सोडला आणि ते वर गुव्हेर्नेतोला गेले. शेजारच्या गुहेत संत योहान एकांतवासी राहत असत.

पहिल्या खेपेस मी साध्या चपला घालून गेलो आणि सुट्या खडीवरून घसरून गुडघा फोडून घेतला. त्यामुळे पकड असलेले बूट आणि माणशी दोन लिटर पाणी यांत तडजोड करू नये. मार्चमध्ये घळ हिरवीगार होती. जूनमध्ये त्याच चुनखडीच्या दगडांतून दुपारी भट्टीसारखी धग येत होती आणि परतीचा सगळा चढ उन्हातच चढावा लागला. सकाळी लवकर निघावे, मठाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात आणि अंगभर कपडे घालावेत.

सतराव्या शतकातला आयिया त्रियादा मठ वाटेवरच आहे. तेथील भिक्षू वाइन आणि ऑलिव्हचे तेल तयार करतात. दक्षिण किनाऱ्यावर ‘मराथी’ नावाची पुळण आहे. पाटीवर ते नाव वाचून मला फार आनंद झाला. ग्रीकमध्ये ‘मारथो’ म्हणजे बडीशेप.

सूदा उपसागराच्या काठी मे 1941 च्या क्रीटच्या लढाईत पडलेल्या राष्ट्रकुल सैनिकांचे दफनस्थान आहे. सुमारे 1500 कबरींपैकी निम्म्याहून अधिकांवर नाव नाही, ‘ईश्वरास ज्ञात’ एवढेच कोरलेले आहे. तेथे आम्ही तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा निघताना पाय जड झाले.