मुंबईहून बोटीनं समुद्र : सात महिने, सात खेपा, एका बेळगावकराचा अनुभव

आधी प्रश्न मिटवतो, कारण बेळगावच्या शहापुरात दुकानात बसलं की प्रत्येक गिऱ्हाईक तोच विचारतं. गोवा इतका जवळ, चोरला घाट उतरला की पणजी, मग समुद्रासाठी मुंबई कशाला? बरोबर आहे. नुसतं डुंबायचं असेल तर गोव्यालाच जावा. तिथल्या फेरीबोटीत पायी माणसाला तिकीटसुद्धा नाही. खरं मला साड्यांच्या खरेदीसाठी महिन्यातनं एकदा मुंबई आहेच. शनिवारी रात्री बेळगावहून बस, रविवारी बाजार बंद, सोमवारी काम, सोमवारी रात्री परत. मधला रविवार वर्षानुवर्षं लॉजवर लोळून घालवला. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत तो बोटीवर घालवला, त्याचा हा हिशेब.

पहिली खेप सपशेल फसली. बरोबर आमचे थोरले दाजी होते. रात्रभर बसमध्ये बसून आलेली माणसं, दादरला चहा घेऊन थेट गेटवे. सव्वाआठची बोट, तासाभरात मांडवा, म्हणजे अलिबागकडचा धक्का. (दाजी आदल्या दिवसापासून सगळ्यांना ‘मांडेला चाललोय’ म्हणून सांगत होते. बेळगावच्या माणसाला खायचे गोड मांडे ठाऊक, मांडवा कुठनं ठाऊक असणार?) मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर, ती बस बोटीच्या तिकिटातच धरलेली होती. सव्वादहाला अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिलो तर समोर कुलाबा किल्ला, आणि किल्ल्याच्या चारी बाजूंनी पाणी. चालत जाता येतं असं ऐकून आलेलो. घोडागाड्या वाळूत रिकाम्या उभ्या, घोडे चंदी खातायत. होडीवाले म्हणाले लाटा मोठ्या आहेत, आज नाही. आम्ही दोन वाजेपर्यंत वाट बघितली, पाणी अजून मांडीएवढं, आणि परतीच्या बोटीची वेळ तिकिटावर छापलेली. परत निघालो.

परतताना टपरीवर एका म्हाताऱ्या कोळीणमावशीनं विचारलं, “आज तिथी कोणती?” दाजी म्हणाले, उद्या कोजागरी. मावशी हसली. मग तिनं जे सांगितलं त्यावर माझ्या पुढच्या सगळ्या खेपा चालल्या. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चतुर्दशीला चौदाचे पाऊण साडेदहा, म्हणजे आम्ही पोचलो तेव्हा समुद्र काठोकाठ भरलेला. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतात, पण वही-पेनाशिवाय चालतो.

“हे काय गा, समुद्राला यायचं तर पंचांग बघून यायचं?” दाजींचा प्रश्न. तर हो. गाडीच्या वेळेच्या आधी तिथी बघायची. अलिबागसाठी माझं सांगणं एवढंच आहे, बाकीचं सगळं त्याच्या खालोखाल.

आता यातली गोम. अमावास्या-पौर्णिमेला समुद्र ओहोटीला सगळ्यात जास्त मागे हटतो, पण तो संध्याकाळी पाच-साडेपाचला, आणि तेव्हा आपल्याला मांडव्याला पळायचं असतं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी सव्वाबाराला, वेळ सोन्यासारखी, खरं त्या दिवसांत पाणी फारसं हटतच नाही. रात्रीच्या बसनं येऊन सव्वाआठची बोट धरणाऱ्या माणसाला षष्ठी-सप्तमी जुळते. षष्ठीची ओहोटी पावणेअकराची, सप्तमीची साडेअकराची. दुसरा पर्याय दशमी-एकादशी, ओहोटी दुपारी दोनच्या आसपास, म्हणजे आधी जेवून मग किल्ला.

जानेवारीत रथसप्तमी रविवारी आली. या वेळी बायको आणि शेजारच्या काकू बरोबर होत्या. काकूंचं वय पासष्टच्या पुढे. अकराला पोचलो तर किल्ल्याकडे माणसांची रांग चाललेली, मुंगळ्यांसारखी. पाणी घोट्याच्या वर, एका ठिकाणी गुडघ्याला लागलं. तळाला वाळू आणि खडक, त्यामुळे चपला हातात घेऊ नका, पायातच ठेवा, शंख-शिंपल्यांनी पाय कापतात. काकूंनी नऊवारीचा काष्टा वर खोचला आणि आमच्या पुढे गेल्या. किल्ला शिवछत्रपतींच्या अखेरच्या काळात बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या वेळी पुरा झाला. पुढे कान्होजी आंग्र्यांचं ते ठाणं. तटाचे दगड बघायला थांबा. एवढाले चिरे नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आपटते, फटीतनं पाणी आत जातं आणि तसंच बाहेर येतं, भिंत जागच्या जागी. आमच्या येळ्ळूरच्या राजहंसगडाला वारा सोसायचा असतो, याला रोज दोन वेळा समुद्र. आत गणपतीचं देऊळ, आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर. काकूंनी त्यातलं पाणी डोळ्याला लावलं, तीर्थासारखं. तासाभरात बाहेर पडा. परतताना पाणी चढायला लागलेलं असतं आणि गप्पा मारत चालणाऱ्यांची फजिती आम्ही तटावरनं पाहिली.

मार्चात एकादशीच रविवारी आली. ओहोटीची वेळ उत्तम, किल्ल्यापर्यंत कोरडा रस्ता. खरं आमच्या घरी एकादशी, आणि अलिबागेत प्रत्येक खाणावळीतनं सुरमई तळल्याचा वास. साबुदाण्याची खिचडी कशीबशी मिळाली. दाजी म्हणाले, “पांडुरंगानं ओहोटी दिली, मासे काढून घेतले.” मासे खाणाऱ्यांनी षष्ठीच धरा.

बाकीच्या बोटींबद्दल आता भराभर.

घारापुरी. नोव्हेंबरात सोमवारचं काम दुपारीच आटोपलं म्हणून गेटवेला गेलो आणि कळलं की सोमवारी लेणी बंद. चूक माझीच. पुढच्या महिन्यात रविवारी गेलो. लाँच तासभर घेते, वरच्या डेकवर बसायला थोडे जास्तीचे पैसे लागतात, ते द्या. थंडीत पांढरे कुरव पक्षी बोटीच्या मागनं उडत येतात, लोक गाठ्या उडवतात आणि ते हवेतच झेलतात. जेट्टीपासून छोटी गाडी, मग शंभरावर पायऱ्या. त्रिमूर्तीसमोर, म्हणजे त्या वीसेक फुटी सदाशिवासमोर, गर्दी असूनही माणसं आपोआप हळू बोलतात. १९८७ पासून हा जागतिक वारसा आहे. खरं समुद्र म्हणाल तर चिखल आणि खारफुटी, पाय बुडवायला काही नाही. लेणी बघायला जावा, समुद्राला नको.

गेटवेवर चढणं-उतरणं हा वेगळाच खेळ. धक्क्याला एक लाँच, तिला चिकटून दुसरी, तिला तिसरी. आपली तिसरी असली तर दोन बोटी ओलांडून जायचं. ओहोटी असेल तेव्हा खालच्या पायऱ्यांवर शेवाळ, हात देणारी पोरं असतात, त्यांचा हात नाकारू नका. आणि लाइफ जॅकेट. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला जाणाऱ्या बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून माणसं गेली, त्यानंतर जॅकेटची सक्ती आली. काही जण ते उशीसारखं मांडीवर घेऊन बसतात. घामट वास येतो, मान्य, तरी घाला.

रो-रो, भाऊच्या धक्क्यावरनं मांडवा. ही २०२० मध्ये सुरू झाली. मोठं जहाज, पोटात मोटारी, वर बसायला गारेगार. एप्रिलमध्ये वारा होता, साध्या बोटीत लोकांना मळमळलं असतं, इथं चहाचा कप हलला नाही. म्हातारी माणसं, लहान पोरं असतील तर हीच घ्या. पावसाळ्यात गेटवे-मांडवा बंद असते तेव्हाही ही हवामान बघून चालते. तोटा एवढाच की धक्का गाठायला टॅक्सी लागते आणि वाटेत मासळीचा वास नाकात बसतो. मला व्यक्तिशः कंटाळा आला. हॉटेलात बसून समुद्र पार केल्यासारखं वाटतं.

वर्सोवा-मढ ही खाडी ओलांडायची होडी, पाच मिनिटांचा प्रवास, बरोबर स्कूटरी, कोळणींच्या पाट्या, शाळेची पोरं. फेब्रुवारीत उशिरा पोचलो त्या दिवशी तीच घेतली. हातात तीनच तास असतील तर याहून बरं काही नाही.

तक्रार एकच. एका बोट कंपनीनं संध्याकाळी मांडव्याला आमच्या वेळेचं तिकीट असूनही रांगेत पाऊण तास उभं केलं, कारण आधीच्या बोटीची गर्दी शिल्लक. विचारलं तर “रविवार आहे काका”. रविवार आम्हालाही माहीत होता. तेव्हापासून परतीची बोट शेवटची कधीच घेत नाही, शेवटून तिसरी घेतो.

एप्रिलच्या खेपेला अलिबागचा पांढरा कांदा घेतला, वेणीसारख्या विणलेल्या दोन माळा. गोड, तिखटपणा नावाला, भाकरीबरोबर नुसता खावा. त्या माळा स्लीपर बसच्या वरच्या दांड्याला लटकवून बेळगावला आणल्या. निपाणीपर्यंत शेजारचा प्रवासी नाक दाबून होता, सकाळी उतरताना त्यानं कुठं मिळाल्या म्हणून विचारलं.

मेअखेरीला गेटवेच्या मांडवा बोटी थांबतील त्या थेट सप्टेंबरात सुटतील. दिवाळीनंतरचे षष्ठी-सप्तमीचे रविवार मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गोल करून ठेवणार होतो. नवीन वर्षाचं अजून आलेलं नाही, आणि जुन्याच्या पानावर बायकोनं दुधाचा हिशेब मांडलाय.