नदीकाठची कामं: लाइटिंगला दोन स्टार, गटाराला साडेचार

शहर छोटं, नदी मोठी आणि कामं सगळी एकदमच काढलेली. फिरायचा ट्रॅक, जुन्या पायऱ्यांची दुरुस्ती, नदीत पडणारं सांडपाणी वळवायची लाइन, पुराची भिंत, पुलाचा जोडरस्ता, सगळं. जो तो सेल्फी पॉइंटचा रिव्ह्यू टाकतोय, बाकीच्या कामांकडे कोणाचं लक्षच नाही म्हणून हे लिहितोय.

आधी ड्रेनेज. साडेचार स्टार. माहितीये लोक चिडणार, कारण सगळ्यात जास्त धूळ आणि ट्रॅफिकची वाट याच कामाने लावलीये. पण सांडपाणी नदीत जायचं थांबवायचं तर काठाला धरून मोठी पाइप टाकून ते मधेच अडवून शुद्धीकरण केंद्राकडे न्यावं लागतं, आणि त्या पाइपचा उतार नेमकाच लागतो, पाणी सेकंदाला साधारण 0.6 मीटरपेक्षा हळू वाहिलं की गाळ तळाला बसून लाइन तुंबते, म्हणून खड्डे पुढे पुढे इतके खोल जातात, कंत्राटदाराला खणायची हौस आलेली नसते. आणि पाइप टाकल्यावर माती एकदम ढकलून मोकळे नाही झाले, थर टाकायचा, दाबायचा, मग पुढचा थर असं चाललंय, हे बघून खरंच बरं वाटलं. नाहीतर पहिल्याच पावसात माती बसते आणि वरचा नवा कोरा रस्ता मधोमध खचतो. अर्धा स्टार कापला तो बॅरिकेडसाठी. उघड्या चेंबरभोवती नुसती रिबन, रात्री दिवा नाही, आणि दुकानांपुढे टाकलेल्या फळ्या अशा हलतात की व्हीलचेअरवाल्याने किंवा काठी घेऊन चालणाऱ्याने घरीच बसायचं का?

पुराची भिंत, तीन स्टार. भिंत मजबूत वाटते, मागचं पाणी निघून जायला भोकंही ठेवलीयेत (ती नसली तर भिंतीमागे पाण्याचा दाब साठतो आणि भिंत झुकते). पण भिंत म्हणजे नदी बाहेर राहते तसं शहरातलं पावसाचं पाणीही आत अडकतं. म्हणून पावसाळी गटारांच्या तोंडाला एकाच बाजूने उघडणारी झडप लागते, नदी चढली की ती आपोआप मिटते, नाहीतर नदी भिंतीवरून न येता गटारातून उलटी घरात येते. झडपा बसवल्यात, शाब्बास. पण झडप मिटल्यावर आतलं पाणी उपसायचे पंप कुठंय? जागा सुद्धा दिसत नाही. आणि बोर्डावर 'शंभर वर्षांतल्या पुरासाठी' असं लिहिलंय ते वाचून लोक निवांत झालेत की आता नातवंडांच्या काळातच काय ते होईल. अहो, त्याचा हिशोब असा की दर वर्षी तसला पूर यायची शक्यता 1 टक्का, आणि 30 वर्षं तिथे राहिलात तर एकदा तरी तो गाठायची शक्यता जवळपास 26 टक्के. म्हणजे चौघांत एकाला. बोर्डावर हे लिहा की!

खरं तर भिंतीशिवाय दुसराही रस्ता असतो, नदीला जागा द्यायचा. नेदरलँड्समधल्या नाइमेखेनला वाल नदीचा बांध 350 मीटर मागे सरकवला, पाण्याला शेजारून एक जादा पात्र खणून दिलं आणि मधे जे बेट तयार झालं तिथे पार्क केलं. त्यासाठी पन्नासेक घरं हलवावी लागली, फुकटात काहीच होत नाही, पण निदान असा पर्याय चर्चेला तरी यायला हवा होता, इथे थेट भिंतीचं टेंडरच निघालं.

ट्रॅक अडीच. रुंद आहे, रॅम्प व्यवस्थित आहे, 1 फूट चढायला 12 फूट लांबी दिलीये, हे बऱ्याच ठिकाणी विसरतात. पण झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट भरलंय, मुळांना पाणी जाणार कसं, दोन-तीन उन्हाळ्यांत झाडं वाळणार आणि मग त्या स्टीलच्या बाकांवर ऊन खात बसा. लाइटिंग दोन स्टार, तेही फोटो छान येतात म्हणून. सगळे फोकस पाण्यावर, रात्रभर, मासे-किडे-पाखरं सगळ्यांची झोपमोड, आणि जिथे पाय घसरतो त्या पायऱ्यांवर मिट्ट अंधार. टॉयलेट बांधलंय, कुलूप आहे.

पायऱ्यांचं काम मात्र मन लावून करतायत, नवीन काँक्रीट ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवलंय, रोज पाणी मारतात. त्यावरून चालू नका प्लीज, लोक बिनधास्त गोणपाट सरकवून फोटो काढतात.

पुलाचा जोडरस्ता: काम बंद, स्टार नाही.

एवढ्यात जायचं असेल तर सकाळी लवकर जा, खोदाईच्या मशीन सुरू व्हायच्या आत, आणि गाडी लांबच लावा, काठावर वळवायला जागा नाहीये. लहान मुलं सोबत असतील तर चेंबरवाली बाजू टाळा. पहिला मोठा पाऊस झाला की झडपा बघून येतो आणि भिंतीचे स्टार वर-खाली करतो.