फिल्मसाठी जुना इंकजेट घेताय? माझे ₹३८,५०० कसे गेले ते आधी वाचा

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी पट्ट्यात स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. 'फिल्म सेटअप' म्हणून एक पॅकेज फिरतंय, म्हणजे छपाईची स्क्रीन तयार करायला लागणारी, डिझाइन काळ्यात उमटवलेली पारदर्शक फिल्म घरीच काढायचं सामान: जुना ए-थ्री इंकजेट, सहाही टाक्यांत काळी शाई, आरआयपी सॉफ्टवेअर (फाइल प्रिंटरसाठी ठिपक्यांत बदलणारं), शंभर फिल्म आणि वर मोफत ट्रेनिंग. माझे त्यात ₹३८,५०० गेले. ₹८,५०० यूपीआयनं टोकन, ₹३०,००० रोख. मशीन आणायचे टेम्पोवाल्याला ₹९००, मेकॅनिकला ₹६००, वाया गेलेले ४२ टी-शर्ट ₹११५ प्रमाणे ₹४,८३०, आणि शेवटी तेच काम बाहेरून फिल्म काढून पुरं केलं त्याचे ₹१,७६०. एकूण ₹४६,५९०. गणपतीच्या तोंडावर.

आधी एक सांगतो, कारण 'जुनं मशीन घ्यायलाच नको होतं' हे मी लई ऐकून घेतलंय. कल्पना चुकीची नाही. ऑफसेटवाले सीटीपीवर गेले, कॉम्प्युटरवरून छपाईची प्लेट थेट निघायला लागली, तशी फिल्म काढणारी प्रोसेसची दुकानं एकेक करून बंद झाली. उरलेत त्यांच्याकडे दर वाढलेत आणि फिल्म हातात पडायला दुसरा दिवस उजाडतो. लेझरवर ट्रेसिंग पेपर काढून पत्रिका नि लेबलं निभतात, पण मोठ्या काळ्या भागात टोनर विरळ पडतो, शिवाय उष्णतेनं कागद आकसून दुसऱ्या रंगाचं रजिस्ट्रेशन (रंगावर रंग नेमका बसणं) हलतं. हाफटोनचं, म्हणजे बारीक ठिपक्यांत फोडलेल्या चित्राचं, नावच नको. त्यामुळे एप्सनचा एल १३०० किंवा एल १८०० जुना घेऊन त्यावर फिल्म काढणं हा आमच्या धंद्यातला सरळ, चालणारा मार्ग आहे. डाय शाई (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची) आणि शाई धरणाऱ्या कोटिंगची फिल्म असली की काम होतं. माझ्या ओळखीतले दोघं वर्षानुवर्षं असंच काम करतायत. मी त्याच हिशोबानं गेलो होतो.

जुलै २०२५. गणपती २७ ऑगस्टला. एका तालमीची ३५० टी-शर्टची ऑर्डर हातात होती, पाठीवर हाफटोनमधलं चित्र. व्यवसायाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हिडिओ आला: एल १८००, 'फुल ब्लॅक कन्व्हर्जन', नोझल चेक (शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारी रेघांची छपाई) एकदम स्वच्छ, एकही रेघ तुटलेली नाही. फोन केला. माणूस गोड बोलणारा, आपल्यातलाच वाटणारा. "काय काळजी करू नका मालक, चालू मशीन दाखवतो, पटलं तरच घेऊन जावा." शिरोलीकडं एका भाड्याच्या गाळ्यात बोलावलं. त्याआधी 'दुसरं गिऱ्हाईक उभं आहे' म्हणून ₹८,५०० टोकन मागितलं, ते मी घरातूनच पाठवलं. मशीन बघायच्या आधी टोकन मागणाऱ्याला फोनवरच रामराम करा.

गाळ्यात मशीन चालू होतं. त्यानं कागदावर माझ्यासमोर एक प्रिंट मारली, काळीकुट्ट आली. सहाही टाक्यांत काळी शाई असली की एका चॅनलची, म्हणजे एका टाकीच्या शाईच्या वाटेची, तुटलेली नोझल दुसरा चॅनल झाकून टाकतो, साध्या प्रिंटवर काहीही कळत नाही. नोझल चेक काढा म्हणालो तर, "आत्ताच हेड क्लीनिंग केलंय, अर्धा तास शांत ठेवायला लागतंय." मग त्यानं ड्रॉवरमधून एक फिल्म काढली. "ही सकाळी ह्याच मशीनवर काढलीय, बघा."

त्या फिल्मवरच मला लिहायचंय. तिच्यावर पंचेचाळीस-पन्नास लाइनचा (इंचाला ठिपक्यांच्या तेवढ्या ओळी) हाफटोन होता, ठिपका सुईसारखा टोकदार, आणि काळा असा की ट्यूबसमोर धरला तरी उजेडाचा कण पलीकडं येत नव्हता. फिल्म काचेसारखी स्वच्छ होती. इंकजेटची फिल्म कोटिंगच्या बाजूनं बहुतेक वेळा दुधाळ असते, हे स्क्रीन धरणाऱ्या पोरालाही माहीत असतं. ही दुधाळ नव्हती. तीन कडा सरळ आणि चौथी कात्रीनं वाकडीतिकडी कापलेली. इमेजसेटरवरची, म्हणजे प्रोसेसच्या दुकानातल्या लेझरनं फिल्म काढणाऱ्या यंत्रावरची, फिल्म निघते तेव्हा बहुतेक वेळा कडेला बारीक अक्षरात फाइलचं नाव, तारीख, लाइन स्क्रीन अशी पट्टी येते. ती पट्टीच त्यानं कापून टाकली होती. म्हणजे त्यानं माझ्या हातात प्रोसेसच्या दुकानातली, चांदीच्या लेपाची, इमेजसेटरची फिल्म ठेवली आणि इंकजेटची म्हणून दाखवली. वीसेक वर्षं मी अशाच फिल्म लावून स्क्रीन काढतोय. तीच फिल्म हातात धरून मी म्हणालो, "ब्लॅक भारी आलाय."

हे आठवलं की अजून झोप उडते. पण मला कोणी अडाणी म्हणू नये. मी विचारलं होतं, "ही क्लिअर कशी?" त्यावर तो लगेच म्हणाला, "नवीन क्लिअर कोटिंगची आहे, आपली दुधाळ जुनी झाली." आणि पारदर्शक कोटिंगच्या इंकजेट फिल्म बाजारात खरंच मिळतात. मी पाहिल्या आहेत. खोट्यात एक खरी गोष्ट मिसळून दिली की माणूस कुठं पकडणार? वर बाहेर दोघं जण 'मशीन बघायला' उभे होते. ते त्याचेच होते हे मला आता कळतंय.

पारख साधी आहे. बोट ओलं करून फिल्मच्या कोपऱ्याला लावा. इंकजेटची कोटिंग असेल तर बहुतेक वेळा बोट चिकटतं आणि डाय शाई थोडी तरी उतरते. इमेजसेटरच्या फिल्मवरचा काळा उतरत नाही. आणि त्याच्या ड्रॉवरमधली फिल्म बघूच नका. आपली फाइल पेनड्राइव्हवर न्या, आपली फिल्म न्या, डोळ्यासमोर काढून घ्या.

घरी आणून मशीन लावलं. नोझल चेक काढलं आणि पोटात गोळा आला. दोन चॅनलमध्ये अर्ध्या रेघा गायब, एकात तर पहिल्या काही सोडल्या तर कागद कोरा. व्हिडिओतलं नोझल चेक दुसऱ्याच मशीनचं होतं. तरी त्यानं फोनवर सांगितलं म्हणून हेड क्लीनिंग करत बसलो. तेवढ्यात मशीनखाली टेबलावर काळं ओघळ आलं. क्लीनिंगची सगळी शाई आतल्या स्पंजच्या पॅडमध्ये जाते. पॅड भरल्याचा हिशोब मशीन ठेवतं आणि वेळ आली की बंद पडतं. तो काउंटर सॉफ्टवेअरनं शून्य करता येतो, पॅड मात्र भरलेलाच राहतो. मेकॅनिकनं मागचं उघडलं तर पॅड चिखल झाला होता. हेड नवीन टाकायचं तर ₹१६,५०० सांगितले. एप्सनमध्ये हेड मशीनचं असतं, कार्ट्रिजबरोबर बदलत नाही, हे घेणाऱ्यानं कायम लक्षात ठेवायला पाहिजे. जुनं मशीन घेताना उचलून खालून बघा. ओलं काळं दिसलं की तिथंच ठेवून निघा.

तरी ऑर्डर डोक्यावर होती, म्हणून त्या मशीनवर निघालेली फिल्म लावून स्क्रीन धरली. डोळ्याला काळी दिसणारी ती शाई अतिनील प्रकाश आरपार जाऊ देत होती. डिझाइनखालचं इमल्शन (स्क्रीनवरचा उजेडानं कडक होणारा लेप) पण पक्कं झालं, पाण्यानं सुटेना. मग एक्सपोजर, म्हणजे उजेड द्यायची वेळ, कमी केलं. डिझाइन सुटलं, पण इमल्शन कच्चं राहिलं. छपाई चालू असतानाच बारीक छिद्रं पडायला लागली, शाई झिरपली, आणि बुजलेल्या नोझलच्या पांढऱ्या रेघा चित्राच्या तोंडावरून आडव्या आल्या. ४२ टी-शर्ट गेले. तालमीच्या पोरांनी समजून घेतलं, त्यांचे उपकार आहेत. पण पुढच्या वर्षी ऑर्डर माझ्याकडेच येईल याची खात्री उरली नाही.

कोणाला फिल्मचा संशय असेल तर त्याच स्क्रीनवर फिल्मशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून एक्सपोज करा. नाण्याखालचं इमल्शन सुटलं आणि फिल्मच्या काळ्याखालचं सुटलं नाही, तर दोष फिल्मचा. मला पंधरा दिवस हा माणूस फोनवर 'तुमचा एक्सपोजर टायमिंग चुकतोय' सांगत होता. नाण्यानं त्याचं तोंड बंद केलं. त्यानंतर त्याचा फोनच बंद.

सॉफ्टवेअरचं ऐका. 'लाइफटाइम लायसन' म्हणून लावून दिलं. लावताना म्हणाला, अँटिव्हायरस बंद करा, परत चालू करू नका. थोड्याच दिवसांत स्क्रीनवर लायसन मागायला लागलं आणि प्रिंट थांबली. चोरीची कॉपी. अँटिव्हायरस बंद करायला लावणारा माणूस तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काय सोडून जातो कोण जाणे. मी बँकेचे सगळे पासवर्ड बदलले. आणि एका रंगाच्या अक्षरांच्या कामाला आरआयपी लागतच नाही. हाफटोन लागलाच तर फोटोशॉपमध्ये ग्रेस्केल फाइल बिटमॅप करताना हाफटोन स्क्रीनचा पर्याय आहे, लाइन आणि अँगल तिथं देता येतो. सॉफ्टवेअर दाखवून मशीनची किंमत वाढवतात, त्याला भुलू नका.

आता तक्रारीचं. गाळ्यावर गेलो तर कुलूप. मालक म्हणाले, "महिन्याच्या बोलीवर दिलाता, गेला की." पोलीस ठाण्यात गेलो. तिथं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पैसे तुम्ही दिलासा, मशीन तुम्ही घेतलासा, चालू होतं ते बघितलासा. ह्यात फसवणूक कुठली? दिवाणी मॅटर हाय, कोर्टात जावा." मी इमेजसेटरच्या फिल्मचं समजावून सांगायला लागलो तर साहेबांनी घड्याळ बघितलं. यूपीआय म्हटल्यावर, "मग सायबरला जावा." सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन केला, ₹८,५०० ची नोंद झाली, पोच क्रमांक आला. पुढं सायबरवाले म्हणतात, वस्तू समोरासमोर घेतली, हे ऑनलाइन नाही, हद्दीच्या ठाण्यात जा. ठाणं म्हणतं सायबर, सायबर म्हणतं ठाणं. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. ₹३०,००० रोख दिलेत त्यांना तर कोणी विचारायलाच तयार नाही. त्याच सुमारास, १८ ऑगस्ट २०२५ ला, कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. इतक्या वर्षांच्या मागणीला यश आलं म्हणून आम्हीही आनंद केला. पण माझ्यासारख्याची तक्रार ठाण्याच्या टेबलावरून पुढं सरकत नसेल तर त्या दारापर्यंत ती पोचणार कशी?

दुसऱ्या मशीनचा व्हिडिओ आणि दुसऱ्या यंत्रावरची फिल्म दाखवून पैसे काढणं ही फसवणूकच आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठीच आहे. ठाण्यात नोंद घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे लेखी तक्रार पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, तरीही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. हे मला कुठल्याही टेबलानं सांगितलं नाही, एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. तक्रार स्पीड पोस्टनं गेली आहे, पावती जपून ठेवली आहे.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पहिला प्रश्न, बिल आहे का? माझ्याकडे त्याच्या लेटरहेडवरचं कोटेशन, त्यावर जीएसटी नंबर नाही. दुसरं उत्तर, व्यवसायासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. हे अर्धवट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलंय की स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त धरायची नाही. दोन माणसांच्या हातांवर चालणारं माझं युनिट पोट भरण्यासाठी नाही तर कशासाठी आहे? पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षांची. अर्ज तयार आहे.

गेल्या आठवड्यात तोच व्हिडिओ पुन्हा ग्रुपवर आला. तेच टेबल, तेच नोझल चेक, फोन नंबर नवा, किंमत ₹४१,०००. जागा आता सांगलीकडची सांगतोय. त्याच्याकडून कोणी घेतलं असेल तर लाज बाळगून गप्प बसू नका. व्हिडिओ, यूपीआयची पावती, फोनची यादी आणि त्यानं दिलेली ती चौथी कड कापलेली फिल्म, सगळं पिशवीत घालून आपापल्या हद्दीत लेखी तक्रार द्या आणि पोच शिक्क्यानिशी घ्या. माझ्या एकट्याच्या कागदाला कोणी दाद देत नाही. चार ठाण्यांत चार कागद पडले तर द्यावी लागेल.