नवी गाडी ऑइल खाते: लॅबचा रिपोर्ट, मोजणी की थेट इंजिन उघडायचं?

गाडी म्हणजे ट्रक, दीड वर्षाचा. लाखाच्या आसपास किलोमीटर झालेले, हप्ते अजून निम्मेही फिटलेले नाहीत, आणि ड्रायव्हरचा फोन येतो: ‘भाऊ, काडी (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) परत खाली आलीय. दोन लिटर टाकू का?’ जमिनीवर थेंब नाही, धूर नाही, लोड घेऊन कसारा घाट चढताना ओढही तीच. मग ऑइल जातं कुठे?

नाशिकच्या आडगाव नाक्यापासून पिंपळगाव बसवंतच्या कांदा मार्केटपर्यंत कुठल्याही टपरीवर हा विषय काढा, तीन सल्ले मिळतील. ऑइल लॅबला पाठव. वर्कशॉपला सील मारून मोजायला लाव. वॉरंटी आहे तोवर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवून घे. माझ्या दोन गाड्या एकाच मॉडेलच्या, एकाच महिन्यात घेतलेल्या, दोघींच्या खेपा जवळपास सारख्या. त्यातली एकच ऑइल खात होती. त्यामुळे हे तिन्ही मार्ग मला शेजारी शेजारी ठेवून बघता आले, आणि ज्याला आज-उद्या यातला एक निवडायचा आहे त्याच्यासाठी हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. मोजणी आणि रिपोर्ट हे एकमेकांना पर्याय नाहीत. मोजणी सांगते ऑइल किती जातंय. रिपोर्ट सांगतो आत काय झिजतंय आणि बाहेरून काय शिरतंय. ऑइल कुठून जातंय याचं थेट उत्तर दोघांकडेही नाही. रिपोर्ट स्वच्छ आला की इंजिन ठणठणीत, असं धरून चालणारे मालक मी पाहिलेत. मीही तसंच धरलं होतं, आणि त्यात चार महिने गेले.

मोजणी

ही स्वस्त आहे, पण शिस्त मागते. काडी बघायची ती दर वेळी एकाच सपाट जागी, इंजिन बंद करून किमान पंधरा मिनिटांनी. आम्ही पंपाच्या फरशीवर, रात्रीचा मुक्काम झाल्यावर सकाळी सेल मारायच्या आधी बघतो. काडी काढायची, फडक्याने कोरडी पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि मगच वाचायची. पहिल्यांदा काढलेल्या काडीवर ऑइल वरपर्यंत ओघळलेलं असतं, ते वाचून निम्मे लोक फसतात. गाडी जरा तिरकी उभी असेल तर काडीवरचा फरक लिटरभराचा सहज होतो.

टाकलेलं ऑइल मापाच्या डब्यानेच टाकायचं आणि तारीख, किलोमीटर, लिटर गाडीतल्या वहीत लिहायचं. वर्कशॉपची सील टेस्ट म्हणजे तरी वेगळं काय? ते ऑइल ठरलेल्या पातळीपर्यंत भरतात, ड्रेन बोल्टला आणि ऑइल टाकायच्या झाकणाला सील लावतात, ठरावीक किलोमीटरनंतर बोलावतात आणि किती भरावं लागलं ते मोजतात. फरक इतकाच, की कंपनीशी वॉरंटीचं बोलताना तुमच्या वहीपेक्षा त्यांच्या सीलला वजन असतं.

हिशेब किलोमीटरवर न करता डिझेलवर करा. लिलावाच्या दिवसांत गाडी मार्केटच्या रांगेत तासन्‌तास चालू स्थितीत उभी असते. किलोमीटर शून्य, इंजिन मात्र चालतंय. डिझेलच्या लिटरमध्ये ते सगळं धरलं जातं. माझ्या खाणाऱ्या गाडीला २०,००० किलोमीटरमध्ये १८ लिटर टाकावं लागलं. लिटरला चार किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज धरलं तर डिझेल ५,००० लिटर, म्हणजे ऑइल डिझेलच्या ०.३६ टक्के. दुसरीला तेवढ्याच अंतरात ४ लिटर, म्हणजे ०.०८ टक्के. तुमच्या इंजिनाला किती चालतं तो आकडा मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीकडून लेखी घ्या, तोंडी ‘एवढं चालतं’ यावर थांबू नका. जोडीची गाडी असेल तर तिच्याइतकं बोलकं माप दुसरं नाही.

मोजणीला एक खोट आहे. बीएस-६ गाडीत डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतली काजळी अडवणारी जाळी, साफ करण्यासाठी रीजनरेशन होतं, म्हणजे अडकलेली काजळी जाळली जाते. काही इंजिनांत त्यासाठी सिलिंडरमध्येच जादा डिझेल मारलं जातं, आणि त्यातलं थोडं भिंतीवरून उतरून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, जातं. इकडे ऑइल कमी होतंय, तिकडे डिझेल मिसळून पातळी वाढतेय, आणि काडी मात्र जागच्या जागी. हे मोजणीला दिसत नाही. इथे रिपोर्ट लागतोच.

रिपोर्ट

लॅब काय बघते? लोखंड म्हणजे लायनर (सिलिंडरची आतली नळी), क्रँक, गिअर. क्रोमियम बहुतेकदा रिंगांचं. अ‍ॅल्युमिनियम पिस्टनचं. शिसं, कथील, तांबं बेअरिंगचं. सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र वाढले तर धूळ, म्हणजे एअर फिल्टर किंवा त्याच्या पुढच्या होजचा सांधा तपासा. सोडियम-पोटॅशियम वाढले तर कूलंट. शिवाय काजळी, डिझेल किती मिसळलं, पाणी आणि जाडपणा. १५डब्ल्यू-४० ऑइल १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकमध्ये बसायला हवं. डिझेल मिसळलं तर ते खाली घसरतं, काजळी वाढली तर वर जातं.

नव्या इंजिनाच्या रिपोर्टने घाबरू नका. पहिल्या एक-दोन ऑइलमध्ये तांबं बरंच वर दिसू शकतं, ते ऑइल कूलरमधून सुटतं आणि पुढे आपोआप खाली येतं. सिलिकॉन जोडणीच्या वेळच्या सीलंटमधून येतं. पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियम मिळून दिसले तर नव्या इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) जोडकामातलं फ्लक्सही असू शकतं. म्हणून एका रिपोर्टवर निकाल लावायचा नसतो. ओळीने तीन बघायचे आणि आकडा कुठल्या दिशेला चाललाय ते पाहायचं.

आता मुख्य गोष्ट, जी मला उशिरा कळली. जी गाडी ऑइल खाते तिचा रिपोर्ट तिच्या खाण्यामुळेच चांगला दिसतो.

माझ्या दोन गाड्यांचे रिपोर्ट एकाच दिवशी आले. २०,००० किलोमीटरला खाणाऱ्या गाडीत लोखंड ४१ पीपीएम (दहा लाखात ४१ भाग), दुसरीत ४४. खाणारी उलट सरस! टीबीएनही तिचाच जास्त, म्हणजे ऑइलची आम्ल मारण्याची ताकद शिल्लक. मी निश्चिंत झालो. खरं तर चेंबरमधलं झिजीचं लोखंड घेऊन ऑइल बाहेर जात होतं आणि आम्ही वरून ताजं ओतत होतो. दुधात पाणी घालत राहावं आणि गोडी कमी लागली म्हणून साखरच कमी पडली असं समजावं, तसं झालं.

हे दुरुस्त करायचा ढोबळ हिशेब सोपा आहे. टॉप-अप हळूहळू, सारख्या प्रमाणात झालं असेल तर त्याचं निम्मं चेंबरच्या ऑइलमध्ये मिळवा, चेंबरच्या लिटरने भागा आणि येईल त्याने रिपोर्टच्या आकड्याला गुणा. आमच्या इंजिनात फिल्टरसकट २२ लिटर बसतं. खाणारीचं टॉप-अप १८, निम्मं ९. २२ अधिक ९ म्हणजे ३१, भागिले २२, म्हणजे १.४१. त्याने ४१ ला गुणलं की ५८. दुसरीचं टॉप-अप ४, निम्मं २, गुणक १.०९, म्हणजे ४४ चे ४८. दुरुस्ती केल्यावर क्रम उलटला. ५८ म्हणजे इंजिन गेलं असं नाही, पण ‘सरस’ तर नक्कीच नाही.

म्हणून बाटलीसोबतच्या फॉर्मवर टॉप-अपचा रकाना रिकामा सोडू नका. ऑइलवर झालेले किलोमीटर, गाडीचे एकूण किलोमीटर, ग्रेड, टॉप-अप, सगळं लिहा, आणि त्याच डब्यातल्या कोऱ्या ऑइलची एक बाटली एकदा तरी पाठवा, म्हणजे लॅबला मूळ आकडे कळतात. नमुना गरम ऑइलचा, ड्रेन बोल्ट उघडल्यावर पहिलं लिटरभर वाहून गेल्यानंतर धारेतूनच घ्यायचा. खालच्या घमेल्यातून बाटली भरली तर धूळ तुमच्या घमेल्याची आणि बदनामी इंजिनाची.

रिपोर्टची दुसरी मर्यादा अशी, की नेहमीच्या तपासणीत साधारण पाच-आठ मायक्रॉनपेक्षा मोठे कण धरलेच जात नाहीत. तिसरी अशी, की रिंग कार्बनने अडकून बसली असेल, व्हॉल्व्ह सील कडक झालं असेल, टर्बोच्या सीलमधून ऑइल जात असेल, तर यात धातू झिजेलच असं नाही. ऑइल जाईल आणि रिपोर्ट शांत राहील.

इंजिन उघडणं

यावर फार लिहिण्यासारखं नाही. वॉरंटीत फुकट होतंय म्हणून हेड उतरवायला हो म्हणू नका. गाडी उभी राहते, भाडी जातात, हप्ता चालूच असतो, आणि कंपनीत बसलेलं जोडकाम एकदा सुटलं की सुटलं. त्याआधी ब्लो-बाय, म्हणजे रिंगांच्या बाजूने खाली सुटणारा वायू, मोजता येतो, इंजेक्टरच्या भोकातून कॅमेरा घालून लायनर बघता येतो. लायनरवरची होनिंगची जाळी, म्हणजे कारखान्यात मारलेल्या बारीक आडव्यातिडव्या रेघा, दिसत असेल तर ठीक. आरशासारखी चकाकी आली असेल तर रिंगांवर संशय घ्यायला जागा आहे. नवी गाडी सुरुवातीचे महिने फार रिकामी किंवा तासन्‌तास आयडलवर चालली तर ती चकाकी येऊ शकते.

जाड ऑइल टाकून बघण्याचा चौथा सल्लाही मिळेल. बीएस-६ मध्ये ते करू नका. या इंजिनांना सीके-४ दर्जासारखं कमी राखेचं ऑइल लागतं, राख वजनाच्या जास्तीत जास्त एक टक्का. जळालेल्या ऑइलची राख डीपीएफमध्ये साठते आणि काजळीसारखी ती रीजनरेशनमध्ये जळत नाही. १८ लिटर ऑइल सगळं जळालं असं धरलं तर कागदावर दीडशे ग्रॅमपर्यंत राख होते. जुन्या गाड्यांत निळा धूर दिसायचा, मिस्त्री लांबूनच ओळखायचे. आता तो धूर बाहेर यायच्या आधीच आत अडतो, म्हणून ‘धूर नाही म्हणजे जळत नाही’ हे बीएस-६ ला लागू नाही.

आमच्या गाडीत काय निघालं

वर्कशॉपचा कल हेड उतरवण्याकडे होता. मी रिपोर्ट पुन्हा काढून बसलो. लोखंड दुरुस्त करून ५८, पण क्रोमियम दोन्ही गाड्यांत जवळपास तेवढंच. सिलिकॉन नाही, कूलंट नाही, डिझेल नगण्य. रिंग-लायनर झिजत असते तर क्रोमियमही हललं असतं. मग इंजिनाच्याच ऑइलवर चालणारा, लोखंडी सिलिंडरचा दुसरा भाग कुठला? ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर.

आमच्या म्हाताऱ्या मिस्त्री काकांना आडगावला बोलावलं. ते काही न बोलता गाडीखाली गेले, हवेच्या टाकीच्या ड्रेन कॉकखाली एक पांढरा पुठ्ठा धरला आणि कॉक ओढला. फस्सकन हवा सुटली आणि पुठ्ठ्यावर तळहाताएवढा तपकिरी, तेलकट डाग पडला. ‘घ्या शेठ, तुमचं ऑइल इथं आहे.’ एअर ड्रायरच्या (हवेतलं पाणी शोषणाऱ्या डब्याच्या) खाली चासिसवर काळा थर होता. तो प्रॉपेलर शाफ्टचा ग्रीस असेल म्हणून आम्ही दीड वर्ष पुसत होतो. मागच्या एक्सलजवळ ब्रेकच्या लाइनचा एक सांधा बारीक गळत होता. त्यामुळे कॉम्प्रेसरला उसंतच नव्हती. सतत लोडवर चालून तो तापला, झिजला आणि हवेबरोबर ऑइल ढकलू लागला.

हे ऑइल ब्रेक व्हॉल्व्हच्या रबरांपर्यंत पोचतं, रबर फुगतात. राहुड घाट किंवा कसारा उतरताना त्याचा अर्थ काय होतो हे ड्रायव्हरला सांगावं लागत नाही. सांधा दुरुस्त झाला, कॉम्प्रेसर वॉरंटीत बदलून मिळाला, ड्रायरचं कार्ट्रिज बदललं. पुढच्या १०,००० किलोमीटरमध्ये टॉप-अप २ लिटर. म्हणजे ०.०८ टक्के, जोडीदारणीइतकंच.

मग निवडायचं काय

वॉरंटी भरपूर शिल्लक असेल तर आधी ५,००० किलोमीटरची वही, त्याच आठवड्यात पांढऱ्या पुठ्ठ्याची तपासणी आणि इंटरकूलरचे होज काढून आत बोट फिरवणं. तिथे ऑइलचा पातळ थर चालतो, साचलेलं डबकं चालत नाही. ऑइल बदलायच्या दिवशी बाटली भरा. लॅबचा खर्च एका नव्या टायरपुढे किरकोळ आहे.

वॉरंटीचे दोनच महिने उरले असतील तर वाट बघू नका. तक्रार आजच लेखी नोंदवा, जॉब कार्डवर ‘ऑइल कमी होते’ हे शब्द लिहून घ्या, सील टेस्ट मागा आणि बाटली त्याच दिवशी कुरिअर करा. सील लागल्यावर तुमच्या हाताने एक थेंबही टाकू नका. पातळी खालच्या खुणेच्या आत जाते असं दिसलं तर वर्कशॉपलाच बोलवा आणि त्यांच्याकडूनच मोजून टाकून घ्या.

वॉरंटी संपलीच असेल आणि मोजणीचा आकडा मर्यादेत असेल, तर दर ऑइलला एक रिपोर्ट काढत गाडी चालवा. तीन रिपोर्टमध्ये दुरुस्त केलेलं लोखंड आणि क्रोमियम दोन्ही चढत गेले, तरच हेडला हात लावा.